ग्रहणाची कोर आणि मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक

२४ ऑक्टोबर १९९५. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं आणि त्या सकाळी सूर्यग्रहण होतं. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या एका अरुंद पट्ट्यात ते खग्रास दिसणार होतं. आमच्या नागऱ्यात खंडग्रास, पण सूर्याचा बराचसा भाग झाकला जाणार होता. गोंदियाला लागून असलेलं हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा व्हायला अजून चार वर्षं होती. गावात शंकराचं जुनं देऊळ, भोवती धानाची शेतं, आणि त्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेजारच्या घरांत रात्रीच्या फराळावर तुळशीची पानं ठेवलेली होती. दारं बंद.

आमचंही दार बंद होतं. फुफी माहेरी बाळंतपणाला आली होती. दादीने तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं आणि सुरी, कात्री, सुई असं सगळं तिच्यापासून लांब ठेवलं होतं. ग्रहणात गरोदर बाईने काही कापलं तर बाळाचा ओठ फाटतो, हे दादी जितक्या खात्रीने सांगे तितक्याच खात्रीने शेजारच्या काकूही सांगत. ईद आणि दिवाळी वेगळी असली तरी ग्रहणाची भीती आमची सामायिक होती.

अब्बांनी घरीच दोन रकात नमाज पढली. मग दादीला समजावलं की, पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले की सूर्यसुद्धा शोक करतोय. तेव्हा त्यांनीच लोकांना सांगितलं होतं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणा-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. मुलगा गेलेल्या बापाने, लोक त्याच्या दुःखाला आकाशाएवढं मोठं करत असताना, ते नाकारलं. दादीने सगळं ऐकलं, डोळे पुसले, आणि फुफीच्या खोलीचं दार काही उघडलं नाही.

मी मात्र मागच्या दाराने अंगणात गेलो. कारण माझ्याकडे एक पुस्तक होतं.

ते पुस्तक अब्बांनी गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणलं होतं, किलोच्या भावाने. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं नाहीत, म्हणून नाव नाही, लेखक नाही. आत ‘करून पाहा’ पद्धतीचे प्रयोग होते. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून वर पेला पालथा घालायचा. कागदाचा भोवरा. लिंबाच्या रसाने लिहिलेलं पत्र. प्रत्येक प्रयोगाला साध्या रेषांची आकृती आणि खाली दोन-तीन प्रश्न. उत्तरं शेवटी असावीत, पण शेवटची पानंही गेलेली होती. अकराव्या वर्षी मला याचा फार राग यायचा. आता वाटतं, त्या पुस्तकाची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

त्यात ग्रहणाचंही एक पान होतं. सूर्याकडे डोळे लावून कधीही बघू नका; पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून येणारा उजेड कागदावर घ्या. कागदावर सूर्याची कोर दिसेल.

मी पुठ्ठा घेतला. टाचणीचं भोक मला फारच चिमुकलं वाटलं. मोठं भोक म्हणजे जास्त उजेड, जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं चित्र, असा माझा हिशेब. मोठा खिळा घेतला, फिरवून फिरवून बोटभर रुंद भोक केलं, हातभर अंतरावर कागद धरला. कागदावर आलं काय, तर भोकाच्याच आकाराचा वेडावाकडा ठिपका. कोर नाही. पुठ्ठा फिरवला, कागद तिरका केला, ठिपका तसाच. पुस्तक खोटं बोलतंय या निष्कर्षाला मी आलो. रडू यायचंच बाकी होतं.

मान खाली घातली तेव्हा दिसलं. कडुलिंबाखाली सारवलेल्या अंगणात शेकडो कोरी पडल्या होत्या. नखं कापून कुणी विखरून टाकावीत तशा, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. वारा आला की सगळ्या हलायच्या. मी आत जाऊन अब्बांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. ते बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. झाडाला जमलं ते माझ्या पुठ्ठ्याला का जमलं नाही, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही विज्ञानाच्या वर्गात नाही. इस्लामी इतिहासावर काही वाचताना इब्न अल-हैसम यांच्या एका छोट्या ग्रंथाची माहिती समोर आली. इब्न अल-हैसम इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मले आणि पुढे काहिऱ्यात राहिले. प्रकाशावरचा त्यांचा ‘किताब अल-मनाज़िर’ हा मोठा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले विद्वान त्यांना ‘अल्हाझेन’ म्हणू लागले. हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांनी आणखी एक पुस्तिका लिहिली, तिचा विषय एवढाच: ग्रहणाचा आकार. ग्रहणाच्या वेळी बारीक भोकातून आलेला उजेड कोरीसारखा का दिसतो? आणि भोक मोठं केलं की ती कोर नाहीशी का होते?

म्हणजे मी नागऱ्याच्या अंगणात खिळा हातात घेऊन ज्यावर चिडलो होतो, नेमका तोच प्रश्न हजार वर्षांपूर्वी काहिऱ्यातला एक माणूस शांतपणे सोडवत बसला होता. माझा प्रयोग फसला नव्हता. त्या प्रश्नाचा अर्धा भाग मी स्वतःच्या हाताने करून पाहिला होता आणि मला ते कळलं नव्हतं.

उत्तर असं आहे. सूर्य हा एक ठिपका नाही, ती तबकडी आहे. तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला उजेड भोकातून आत येतो आणि कागदावर भोकाच्या आकाराचा एक छोटा डाग पाडतो. असे असंख्य डाग शेजारी-शेजारी पडतात. भोक बारीक असेल तर प्रत्येक डाग टिकलीहून लहान, मग सगळे मिळून सूर्याचा आकार उभा राहतो. भोक मोठं असेल तर डाग एकमेकांवर चढतात आणि भोकाचाच आकार उरतो. किती बारीक, किती मोठं, हे अंतरावर ठरतं. भोकापासून कागद जितका लांब, त्याच्या साधारण १०७ व्या भागाइतकी सूर्याची प्रतिमा असते. मी हातभर, म्हणजे अर्धा मीटर अंतर ठेवलं होतं. प्रतिमा झाली पाच मिलिमीटरहून लहान, आणि भोक तिच्याहून दुप्पट. कडुलिंबाची पानं चार मीटर उंच होती. तिथून प्रतिमा पडली साडेतीन-चार सेंटिमीटरची आणि पानांमधल्या फटी तिच्या मानाने बारीक. म्हणून झाडाला जमलं.

ग्रहण नसतानाही झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात. फटी वाकड्यातिकड्या, कवडसे मात्र गोल. ती सगळी सूर्याची चित्रं असतात. रोज पायाखाली तुडवतो, कुणी विचारत नाही.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी ‘कॅमेऱ्याचा शोध मुसलमानाने लावला’ असा एक संदेश मोबाइलवर फिरत होता. मीही तो पुढे पाठवला होता. छाती फुगते अशाने. पण ते खरं नाही. बारीक भोकातून प्रतिमा पडते हे इब्न अल-हैसम यांच्या फार आधी चीनमध्ये माहीत होतं. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात तर ग्रहणात झाडाखाली दिसणाऱ्या कोरींचाही उल्लेख आहे. इब्न अल-हैसम यांचं मोठेपण ते पहिले होते यात नाही. लोक जे बघून आश्चर्य करत होते, त्याचं त्यांनी मोजमाप केलं, भोकाचा आकार बदलून पाहिला, आणि कुठल्या अटीवर कोर दिसते नि कुठल्या अटीवर दिसत नाही हे सांगितलं.

त्यांचं आणखी एक पुस्तक आहे, टॉलेमीवरच्या शंकांचं. टॉलेमी म्हणजे त्या काळच्या खगोलशास्त्राचा शेवटचा शब्द. त्याच्या ग्रंथांतल्या विसंगती त्यांनी एकेक करून मांडल्या. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ते जे म्हणतात त्याचा आशय असा की सत्य शोधणाऱ्याने जुन्यांच्या पुस्तकांवर नुसता विश्वास ठेवू नये, जे वाचतो त्याच्यावर सर्व बाजूंनी हल्ला करावा, आणि स्वतःवरही तितकाच संशय घ्यावा. सुमारे तीनशे वर्षांनी कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यांच्याच ग्रंथांवर टीका लिहिली आणि इंद्रधनुष्य समजून घ्यायला पाण्याने भरलेला काचेचा गोळा पावसाच्या थेंबाच्या जागी वापरला. उस्तादाचा मान राखायचा तर उस्तादाला तपासून बघायचं, ही ती परंपरा.

माझ्या मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकानेही मला हेच करू दिलं होतं. ते खोटं बोलतंय असा आरोप मी त्याच्यावर करू शकलो, कारण ते जे सांगत होतं ते माझ्या हाताने पडताळता येत होतं.

हे पुस्तक आलं कुठून असेल, याचा शोध घेता घेता मी मराठीतल्या अशा पुस्तकांच्या इतिहासात शिरलो. सुरुवात दोनशे वर्षांजवळ जाते. १८३० च्या दशकात मुंबईत हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र मराठीत आणलं, तेही संवादाच्या रूपात: एक विचारतो, दुसरा सांगतो. हा घाट तेव्हा इंग्लंडात फार चालत होता. जेन मार्सेट यांनी लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या संवादांत एक शिक्षिका आणि दोन मुली प्रयोग करत बोलतात. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब पोराने, बांधायला आलेलं ते पुस्तक वाचलं, परवडतील तेवढे प्रयोग करून पाहिले, आणि जे खरं उतरलं त्याच्या जोरावर तो पुढे गेला. त्याचं नाव मायकेल फॅरडे. मोठेपणी त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानांची मालिका दिली. माझ्या पुस्तकातली ताटलीतली मेणबत्ती त्याच खानदानातली.

इकडे १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत मांडायला सुरुवात केली. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९७१ मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ आलं. या सगळ्यांनी मराठी मुलाला माहिती दिली, चांगली दिली. पण माहिती देणं आणि मुलाच्या हातात खिळा देणं यात फरक आहे.

हाताने शिकण्याचा आग्रह एकदा आमच्या विदर्भातूनच देशभर गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद घेतली. शिक्षण मातृभाषेत आणि हाताच्या कामातून व्हावं, हा विचार तिथे पुढे आला. योजना तयार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. ज़ाकिर हुसैन, जे पुढे राष्ट्रपती झाले. त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल आला. हेच ज़ाकिरसाहेब लहान मुलांसाठी उर्दूत गोष्टीही लिहीत. मुस्लिम लीगने या वर्धा योजनेला कडाडून विरोध केला. त्या विरोधामागे त्या काळाचं राजकारण होतं, काही खऱ्या शंकाही होत्या. पण भांडणाच्या धुळीत मूळ प्रश्न हरवला: आपल्या मुलाचे हात शिकण्यात आहेत की नाहीत? मुस्लिम समाजात हा प्रश्न एका मुस्लिम शिक्षकाने इतक्या नेमकेपणाने विचारला होता हे आज आपल्यातल्या किती जणांना आठवतं?

सातपुड्याच्या पलीकडे तो प्रश्न पुन्हा उगवला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग दिलेले असत, निष्कर्षाची जागा मुलांनी भरायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, कारण उत्तर पुस्तकात नव्हतंच. मुलांना प्रश्न पडला की त्यांनी ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्र लिहायचं. १९७८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन एक तरुण इंजिनिअर तिथे गेला. आठवडी बाजारात त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटी दिसली. नळीचे तुकडे करून त्यांत काड्या खुपसल्या की त्रिकोण, चौकोन, घन सगळं उभं राहतं. तो तरुण म्हणजे अरविंद गुप्ता. ‘कबाड से जुगाड’ सारख्या त्यांच्या पुस्तकांनी हे शिकवलं की प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही, घरातला कचरा पुरतो. चौकोन दाबला की कोलमडतो, त्रिकोण कोलमडत नाही. हे बोटांना कळतं, मग डोक्याला. त्यांची आणि इतरांची शेकडो पुस्तकं, मराठीतलीही, त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. पण काम पुण्यात पुढे चालू राहिलं. तिथल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत मुलांसाठी विज्ञानकेंद्र झालं. त्याच्या वास्तूचं नाव ‘पुलस्त्य’. अरविंद गुप्तांनी तिथे पुष्कळ वर्षं काम केलं. याच संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर मुलांना सही देत नसत. एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. सहीची किंमत एक प्रश्न. मुलाचा याहून मोठा मान काय राखायचा?

एवढा वारसा पाठीशी असताना आपल्या मुलांच्या फळीवर काय आहे? मी अलीकडे नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या घरी गेलो की मुलांची पुस्तकं बघतो. बहुतेक ठिकाणी दोन गठ्ठे असतात. एक शाळेचा, त्यात गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच. दुसरा दीनी तालीमचा. दोन्ही लागतात, याबद्दल वाद नाही. पण दोन्हींत उत्तर आधीच ठरलेलं आहे आणि मुलाचं काम ते पाठ करण्याचं. तिसरा गठ्ठा नसतो. एका भाचीला मी प्रयोगांचं पुस्तक दिलं. आठ दिवसांनी तिची अम्मी संकोचत म्हणाली, “भाईजान, छान आहे, पण हे परीक्षेला येणार का? तेवढ्या पैशात गाइड आलं असतं.” तिचा नवरा राइस मिलमध्ये मजुरी करतो. तिला उत्तर देताना मला शब्द सापडले नाहीत, कारण तिचा हिशेब चुकीचा नव्हता. मुलगी शिकावी म्हणूनच ती पै-पै जोडते आहे.

ज्यांना परवडतं त्यांच्याकडे चकचकीत ‘अॅक्टिव्हिटी बुक’ असतात. ठिपके जोडा, आकड्याप्रमाणे रंग भरा, स्टिकर चिकटवा. हात गुंततात, मूल गप्प बसतं. आपल्याकडे मुस्लिम वैज्ञानिकांवर मुलांसाठी पुस्तिकाही निघतात. त्यांत इब्न अल-हैसम यांचं पागोटं घातलेलं चित्र असतं, जन्म-मृत्यूचं साल असतं, ग्रंथांची यादी असते. पुठ्ठ्याला भोक पाड असं एकही पान सांगत नाही. ज्याने पुस्तकावर विसंबू नका म्हटलं, त्याचंच नाव आपण मुलांकडून पाठ करून घेतो.

म्हणून पुस्तक निवडताना मी आता एकच गोष्ट बघतो. या पुस्तकाला मूल पकडू शकतं का? ते जे सांगतं ते घरच्या वस्तूंनी करून बघता येईल का, आणि निघालेलं उत्तर पुस्तकाहून वेगळं असू शकेल का? असेल तर ते विकत घ्यायचं, झेरॉक्स काढायची, नाहीतर रद्दीतून उचलायचं. भाचीच्या अम्मीला मी पुढच्या वेळी पुस्तक दिलं नाही. तिच्याच घरच्या काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलवाल्याकडून आणलेली वीतभर व्हॉल्व्ह-नळी दिली. भाचीने चौकोन केला, दाबला, कोलमडला. मधे एक तिरपी काडी लावली, मग हलेना. अम्मी छपराच्या कैच्यांकडे बघून म्हणाली, “म्हणून तिथे तिरपं लाकूड घालतात होय!” तिचं शाळेत जाणं सातवीनंतर बंद झालं होतं. गाइड अजूनही तिच्या यादीत पहिलं आहे, आणि ते असू द्या. पण नळी संपली तेव्हा पुढची तिनेच आणली.

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा सूर्यग्रहण आहे. खग्रासची सावली स्पेनवरून उत्तर आफ्रिका ओलांडत इजिप्तच्या लक्सरवरून आणि मग थेट मक्का शरीफवरून जाणार आहे. महाराष्ट्रात दुपार कलताना सूर्य थोडासाच झाकलेला दिसेल, तोही पावसाळी ढगांनी वाट दिली तर. आपल्यापैकी कुणी नमाज पढेल, जरूर पढावी. त्यानंतर मुलांना घेऊन अंगणात या. सूर्याकडे पाठ करा. हातात दोन पुठ्ठे असू द्या: एकाला टाचणीचं भोक, एकाला खिळ्याचं. कागदावर काय पडतं ते मुलांना बघू द्या, आणि उत्तर लगेच सांगू नका.

त्या सकाळी दादीने न उघडलेल्या दाराआड असलेली फुफी आज आजी आहे. तिचं बाळ सुखरूप जन्मलं, ओठ धड होते. मी तिला त्या कोरींबद्दल परवा सांगितलं. ती म्हणाली, “मला का नाही बोलावलंस?” तिला मी पुठ्ठा दाखवायला नागऱ्याला जाणार आहे.